पंखा बंद केला तेव्हा: लहान ऑटिस्टिक मुलांसोबत संशोधन करणाऱ्यांसाठी

साडेतीन वर्षांचा एक मुलगा आमच्या खोलीत आला होता. पडद्यावर एका बाईचा चेहरा दिसायचा, ती डावीकडे किंवा उजवीकडे बघायची आणि मूल तिच्या नजरेमागे जातं का, ते आम्ही मोजत होतो. चाळीस मिनिटांत त्याने पडद्याकडे फार तर अर्धा मिनिट पाहिलं असेल. बाकी सगळा वेळ मान वर करून तो भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनकडे बघत राहिला. मी नोंदवहीत लिहिलं, 'लक्ष नाही, डेटा वगळावा.' निघताना त्याची आई सहज म्हणाली, "असा पंखा चालू असला ना, तर घरी तो जेवतही नाही." दहा दिवसांनी त्यांना परत बोलावलं आणि पंखा बंद ठेवला. वीसपैकी सतरा चित्रांना त्याचा वापरता येईल असा प्रतिसाद मिळाला.

पहिल्या दिवशी मी मोजलं ते त्या पंख्याचं आकर्षण होतं, आणि नावावर टाकलं मुलाच्या. पुढे जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा 'सहकार्य केलं नाही', 'चाचणी घेता आली नाही' असे शेरे पानोपानी सापडले. त्यातले किती शेरे मुलांबद्दल होते आणि किती आमच्या खोलीबद्दल, हे आता कळायला मार्ग नाही. सहा वर्षांखालच्या ऑटिस्टिक मुलांसोबत पहिल्यांदाच अभ्यास आखणाऱ्यांनी हा मार्ग आधीच तयार ठेवावा, म्हणून हा लेख. कामाचा क्रम जसा येतो तसंच लिहिलं आहे.

प्रश्न ठरवताना

पहिली चूक इथेच होते. 'ऑटिस्टिक मुलांना अमुक जमतं का' असा प्रश्न घेतला की सगळा आराखडा उणीव शोधण्यासाठी तयार होतो. त्याऐवजी 'कोणत्या परिस्थितीत जमतं' असं विचारलं तर परिस्थिती बदलून पाहणं हा अभ्यासाचाच भाग होतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी सहानुभूतीची अडचण' ही कल्पना मांडली: ऑटिस्टिक माणसाला समोरचा कळत नाही तसा समोरच्यालाही ऑटिस्टिक माणूस कळत नसतो, अडचण दोघांमध्ये मिळून असते. मूल आणि अनोळखी परीक्षक एका टेबलाशी बसतात तेव्हा हेच घडत असतं. म्हणून परीक्षक कोण होता, मुलाला तो आधी भेटला होता का, हेही नोंदवा.

आराखडा नैतिक समितीकडे पाठवण्याआधी दोन-तीन ऑटिस्टिक प्रौढांना आणि दोन-तीन पालकांना दाखवा, आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. फॉर्म छापून झाल्यावर 'सल्ला' मागण्याला काही अर्थ नसतो, कारण तोवर बदलता येण्यासारखं फक्त मुखपृष्ठ उरलेलं असतं.

कोणाला घ्यायचं, आणि कोण सुटतं

निदानाचा आधार काय, हे स्पष्ट लिहा. २०१३ मध्ये डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) आलं तेव्हा अ‍ॅस्पर्गर आणि इतर वेगळी नावं एकाच 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या निदानात गेली. त्यामुळे १९९० च्या दशकातल्या लेखांमधली मुलं आणि तुमची मुलं यांची थेट तुलना करताना जपून. निरीक्षणासाठी अ‍ॅडॉस-२ (मुलाशी खेळता-बोलता ऑटिझमच्या खुणा पाहून गुण देण्याची चाचणी) वापरणार असाल तर त्यात १२ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वेगळा टॉडलर भाग आहे. पुढचे भाग मुलाच्या बोलण्याच्या पातळीनुसार निवडायचे असतात. संशोधनात हे साधन वापरायला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि आपले गुण प्रशिक्षित परीक्षकांच्या गुणांशी जुळतात हे सिद्ध करावं लागतं. यासाठी काही महिने लागतात, ते वेळापत्रकात धरा. एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची पालक-प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांसाठी आहे आणि ती केवळ चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्या मुलाला 'ऑटिस्टिक गट' म्हणून मोजणारे प्रबंध मी वाचले आहेत. तसं करू नका.

आता कोण सुटतं ते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं की, तपासलेल्या अभ्यासांमधल्या ऑटिस्टिक सहभागींपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. प्रत्यक्षात ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांचं प्रमाण याहून कितीतरी मोठं आहे. म्हणजे न बोलणारी, जास्त आधार लागणारी मुलं संशोधनाच्या दारातूनच परत जातात. बहुतेक वेळा त्यांना कोणी मुद्दाम काढत नाही. 'सूचना समजणारी मुलं' ही एक निरुपद्रवी दिसणारी अट पुरते. तुमच्या अटींची यादी घ्या आणि प्रत्येक अटीपुढे लिहा की ती प्रश्नासाठी आहे की आपल्या सोयीसाठी. सोयीच्या अटी खोडा. खोडता येत नसतील तर निष्कर्षात 'ऑटिस्टिक मुलं' असं सरसकट लिहू नका.

निदानाआधीच्या वयाचा अभ्यास करायचा असेल तर निदान झालेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांचा पाठपुरावा करतात. २०११ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात अशी ६६४ बाळं होती आणि तीन वर्षांपर्यंत त्यांतल्या १८.७ टक्के बाळांना ऑटिझमचं निदान झालं. पद्धत उत्तम आहे, पण ज्या घरात आधी कोणा मुलाला ऑटिझमचं निदान झालेलं नाही, ते घर तिच्यात येतच नाही.

तुलनेचा गट हा मार्गदर्शकाशी वाद घालण्याचा हमखास विषय. चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची भाषा दोन वर्षांच्या मुलाएवढी असेल तर तुलना कोणाशी? सारख्या वयाच्या मुलांशी केली तर फरक ऑटिझममुळे की एकूण विकास मागे असल्यामुळे, ते कळत नाही. सारख्या विकासपातळीच्या मुलांशी केली तर दुसऱ्या गटातली मुलं दोन वर्षांनी लहान, त्यांनी जग तितकं कमी पाहिलेलं. परवडत असेल तर दोन गट घ्या: एक त्याच वयाचा, आणि एक विकास उशिरा होत असलेल्या पण ऑटिस्टिक नसलेल्या मुलांचा. परवडत नसेल तर प्रश्नाला जे लागतं तेच जुळवा आणि का जुळवलं ते दोन वाक्यांत लिहा.

संमती पालकांची, होकार मुलाचा

कागदावर सही पालक करतात. मूल सही करत नाही, पण त्याचं मत असतंच, आणि न बोलणाऱ्या मुलाचंही ते स्पष्ट दिसतं. अडचण एवढीच, की ते प्रत्येक मुलाचं वेगळं दिसतं. म्हणून पहिल्याच फोनवर पालकांना विचारा: "तुमचं मूल 'नको' कसं म्हणतं? छोटं 'नको' कसं, आणि मोठं 'नको' कसं?" या प्रश्नाला पालक थबकतात, मग बरंच सांगतात. एका बाबांनी सांगितलं, "छोटं म्हणजे तो माझा हात धरून दाराकडे नेतो. मोठं म्हणजे एकदम शांत बसतो, डोळे कुठेच नसतात." ही दुसरी खूण मला आधी माहीत नसती तर मी ती 'आता शांत झाला' म्हणून नोंदवली असती. काही मुलं ओरडून, लोळून कोलमडतात, काही आतल्या आत बंद होतात. दुसऱ्या प्रकाराचं कोलमडणं डेटा गोळा करणाऱ्याला सोयीचं वाटतं, म्हणूनच तिथे जास्त सावध राहायचं.

या खुणा एका कार्डावर लिहा आणि सत्र चालू असताना कार्ड समोर ठेवा. छोटं 'नको' आलं की थांबा, विश्रांती द्या, एकदा पुन्हा विचारून पाहा. मोठं 'नको' आलं की सत्र संपलं. हा अधिकार खोलीतल्या प्रत्येकाला हवा, अगदी व्हिडिओ सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यालाही, आणि त्याने 'थांबा' म्हटल्यावर ज्येष्ठ माणसाने वाद घालायचा नाही.

इथे पालकांचा ताणही समजून घ्यायला हवा. "दोन मिनिटं थांबा, होईल तो शांत," असं ते म्हणतात, कारण तुमचा वेळ वाया जातोय असं त्यांना वाटतं. कित्येकांच्या मनात असंही असतं की अभ्यासात भाग घेतला तर मुलाला काहीतरी उपचार मिळेल. संमतीपत्रात 'यातून तुमच्या मुलाला थेट फायदा होणार नाही' असं छापलेलं असतं, पण छापलेलं वाचतं कोण? ते तोंडी सांगा, आणि मग त्यांच्याच शब्दांत परत सांगायला सांगा. मध्येच सोडलं तरी प्रवासखर्च आणि मानधन पूर्ण मिळेल, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. ते शेवटी दिलं तर पालक शेवटापर्यंत मुलाला ओढत नेतात.

येण्याआधीचा आठवडा

भेटीआधी फोनवर अर्धा तास घालवा. कोणते आवाज चालत नाहीत, कोणता प्रकाश, कोणता स्पर्श. झोपेची वेळ. शी-शूचं कसं सांगतो. कशाने खूश होतो, म्हणजे 'खेळणी' असं मोघम उत्तर नको, नेमकी वस्तू हवी. एका मुलीला गाड्या आवडत नव्हत्या, पण गाडी उलटी करून चाक फिरवायला आवडायचं. आम्ही तिच्यासाठी फक्त चाकं ठेवली.

मग एक छोटी चित्रपुस्तिका पाठवा: इमारतीचं दार, जिना, खोली, तुमचा चेहरा, यंत्र, आणि शेवटचं चित्र परत जाण्याचं. फोटो खरे हवेत आणि त्याच दिवशी जसं दिसणार तसेच. पुस्तिकेत माझे केस मोकळे होते आणि प्रत्यक्षात मी ते बांधून आले, म्हणून एक मुलगा दारातूनच वळला होता. हसू येईल, पण त्याच्या बाजूने तो अगदी बरोबर होता, फोटोतली बाई आलीच नव्हती.

शक्य असेल तर पहिली भेट फक्त ओळखीची ठेवा, त्यात काहीही मोजू नका. अनुदान देणाऱ्याला हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. अर्जातच लिहा की ही भेट नसेल तर जास्त मुलं गळतील आणि तितकी जास्त मुलं शोधावी लागतील.

खोली

मुलाच्या उंचीवर बसा, शक्यतो जमिनीवर, आणि पाच मिनिटं काही न करता ऐका. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो का? शेजारच्या खोलीतला फ्रिज? संगणकाचा पंखा? भिंतीवर घड्याळ टिकटिकतंय का? मग नाक: फिनेल, अत्तर, मार्कर पेन. मग डोळे: चकचकीत फरशीवर दिव्याचं प्रतिबिंब, पारदर्शक कपाटातली खेळणी, लुकलुकणारा राउटर. जे लागत नाही ते खोलीबाहेर न्या. झाकून चालत नाही, काय झाकलंय हे बघायला मूल जाणारच.

पण सगळं काढून पांढरी रिकामी खोली करायचीही घाई नको. एक कोपरा असा हवा जिथे मूल कधीही जाऊ शकेल, त्याला तिथे कोणी बोलवणार नाही, आणि तिथे घालवलेला वेळ वाया गेला असं कोणी मानणार नाही. हात फडफडवणं, डोलणं, वस्तू ओळीने लावणं हे थांबवू नका. नेत्रमापन करताना, म्हणजे मूल पडद्यावर कुठे बघतं ते यंत्राने टिपताना, डोलण्यामुळे नोंद बिघडते हे खरं, पण डोलणं अडवलं की मूल बिघडतं, आणि मग नोंदच होत नाही.

यंत्रं

नेत्रमापन यंत्र त्यातल्या त्यात सोपं, अंगाला काही लावावं लागत नाही. मुख्य अडचण सुरुवातीच्या जुळवणीची. प्रौढांसाठी नऊ बिंदू वापरतात, इथे पाच किंवा दोनही पुरतील, आणि बिंदूऐवजी हलणारं, आवाज करणारं चित्र वापरा. जुळवणी किती अचूक झाली याचा आकडा प्रत्येक मुलाचा वेगळा जपून ठेवा. एका गटाची जुळवणीच ढोबळ झाली असेल तर 'हा गट डोळ्यांकडे कमी बघतो' हा तुमचा सुंदर निष्कर्ष केवळ यंत्राची चूक असू शकतो. ज्या भागावर पडलेली नजर मोजायची ती चौकट लहान असेल, म्हणजे चेहऱ्यातले फक्त डोळे, तर हा धोका फारच वाढतो.

ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारी, टोपी ही खरी परीक्षा. डोक्याला ओला स्पर्श, हनुवटीखाली पट्टा, चेहऱ्याजवळ अनोळखी हात, म्हणजे नको असलेलं सगळं एकाच वेळी. दोन आठवडे आधी घरी पोहण्याची साधी टोपी पाठवा. पहिल्या दिवशी ती नुसती जमिनीवर पडलेली असेल, मग बाहुलीच्या डोक्यावर, मग आईच्या, मग मुलाच्या डोक्याला एक सेकंद, मग गाणं संपेपर्यंत. पायऱ्या उतरायलाही परवानगी आहे, हे पालकांना सांगा: काल गाण्याएवढा वेळ घातली आणि आज हातही लावू दिला नाही, तर आज जमिनीवर. जेलपेक्षा मिठाच्या पाण्याच्या स्पंजांची जाळी लवकर चढते, पण ओली असते आणि लवकर सुकते. स्पंजाचं पाणी कोमट ठेवा. टोपी चढवताना एकाने मागून चढवायची आणि दुसऱ्याने समोर फुगे उडवायचे, या क्रमाची आपापसात दहा वेळा तालीम करा. मुलावर तालीम नको.

एमआरआयमध्ये तर हालचाल हीच मोठी शत्रू, कारण डोकं हलल्यामुळे होणारा फरक मेंदूतल्या फरकासारखा दिसू शकतो. एक गट दुसऱ्यापेक्षा जास्त हलला तर गटांमधला 'फरक' आयताच तयार होतो. म्हणून लहानांचं स्कॅन बऱ्याचदा रात्री, नैसर्गिक झोपेत करतात, आणि यंत्राचा आवाज आधी काही दिवस घरी झोपताना ऐकवतात. केवळ संशोधनासाठी भूल देणं मला पटत नाही. मुलाला स्वतःचा काही फायदा नसताना ती जोखीम घ्यायला लावण्याचं समर्थन क्वचितच करता येईल.

प्रत्यक्ष सत्र

दोन माणसं हवीत: एक फक्त मुलासोबत, दुसरा फक्त यंत्रासोबत. एकटा माणूस पडद्याकडे वळला की मुलाला ते कळतं. एका वेळी वीस ते तीस मिनिटांहून जास्त काम आखू नका, तास लागणार असेल तर दोन दिवस करा. चित्रांची पट्टी लावून ठेवा, एक काम झालं की मुलाने स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकायचं. किती उरलं हे दिसलं की बराच विरोध आपोआप मावळतो.

सूचना छोट्या द्या आणि मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. नवखे परीक्षक तिसऱ्या सेकंदाला तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात, आणि मुलाला पहिल्या वाक्याचा अर्थ लागत असतानाच दुसरं वाक्य येऊन आदळतं. 'माझ्याकडे बघ' हे वाक्य कोशातून काढून टाका. बरीच मुलं न बघता जास्त चांगलं ऐकतात.

कामांच्या क्रमाबद्दल संख्याशास्त्र आणि माणुसकी यांची ओढाताण होते. संख्याशास्त्र म्हणतं क्रम बदलत ठेवा, म्हणजे थकव्याचा परिणाम वाटला जाईल. अनुभव म्हणतो सोपं, आवडीचं काम आधी. मी पहिलं आणि शेवटचं काम सगळ्यांना तेच आणि सोपं ठेवते, आणि मधली फिरवते. बक्षिसाचा नियमही आधी लिहा: बक्षीस बसण्यासाठी, बरोबर उत्तरासाठी नव्हे. नाहीतर तुम्ही चाचणी न घेता शिकवणी घेत असाल.

गुण देताना

प्रमाणित चाचण्या ज्या मुलांवर बेतलेल्या असतात त्यात तुमची मुलं बहुधा नसतात. मुलेनच्या विकासचाचणीत प्रमाणित गुण २० च्या खाली जातच नाहीत. त्यामुळे एकच शब्द बोलणारं आणि चाळीस शब्द बोलणारं, अशी दोन मुलं २० वरच टेकलेली दिसू शकतात. तळाला टेकलेल्या गुणांवर सरासरी काढण्यात हशील नाही. अशा वेळी विकासवय काढून त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभराने गुणतात: ४८ महिन्यांच्या मुलाचं विकासवय २४ महिने, तर गुणांक ५०. हा उपाय कामचलाऊ आहे, कारण विकासवयातले सगळे महिने सारख्या लांबीचे नसतात, पण दोन मुलांमधला फरक तरी दिसतो. पाठपुराव्यात मूल एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत जातं, तेव्हा बदल मुलात झाला की चाचणीत, हा प्रश्न उरतोच. एखाद्या वयाला दोन्ही चाचण्या घेऊन सांधा जुळवून ठेवा.

घरात दोन भाषा बोलल्या जात असतील तर दोन्ही भाषांतले शब्द मोजा. भाषांतरित प्रश्नावली आधी चार-पाच पालकांना मोठ्याने वाचायला लावा. 'तुमचं मूल बोटाने दाखवतं का' याला 'हो' म्हणणारा पालक मागण्यासाठी दाखवणं धरतोय की 'बघ, तिकडे काय आहे' असं दाखवणं, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या कामात सगळी मेख त्याच फरकात आहे.

उपचाराची परीक्षा घेत असाल तर

नियंत्रण गट, म्हणजे तो उपचार न मिळणारा तुलनेचा गट, का लागतो याचं उत्तर म्हणून मी विद्यार्थ्यांना सिक्रेटिनची गोष्ट सांगते. १९९८ मध्ये तीन मुलांबद्दल एक लेख आला: पोटाच्या तपासणीसाठी हे संप्रेरक टोचल्यावर त्यांचं बोलणं आणि नजर सुधारल्याचं त्यात म्हटलं होतं. बातमी पसरली आणि असंख्य पालक त्यामागे लागले. १९९९ मध्ये साठ मुलांवर नीट चाचणी झाली, निम्म्यांना सिक्रेटिनचा एक डोस, निम्म्यांना मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. मुलं वाढत असतात, पालक वाईट काळात अभ्यासात येतात आणि वाईट काळ आपोआपही सरतो, आणि आशेने बघणाऱ्याला सुधारणा दिसते. निकाल सांगितल्यावरही त्यातल्या ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होता. त्यांना हसू नका. तुम्ही त्यांच्या जागी नाही.

म्हणून मूल्यमापन करणाऱ्याला गट माहीत नको. पालकांनी बोलता बोलता सांगून टाकू नये म्हणून दारावर सूचना लावा, आणि शेवटी मूल्यमापकाला विचारा, 'कोणता गट वाटतो?' त्याचा अंदाज वरचेवर बरोबर येत असेल तर गुपित फुटलेलं आहे. मूल बाहेर कोणत्या थेरपी घेतंय ते दर महिन्याला लिहून घ्या, कारण पालक ते थांबवणार नाहीत आणि थांबवायला सांगणंही योग्य नाही.

काय मोजता ते जपून निवडा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅक्ट चाचणीत दोन ते जवळपास पाच वर्षांची १५२ मुलं होती, आणि उपचार पालकांच्या संवादपद्धतीवर काम करणारा होता. पालक-मूल संवादात भरघोस फरक पडला, पण अ‍ॅडॉसवर मोजलेल्या लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. संशोधकांनी मुख्य निकष आधीच जाहीर केला होता, म्हणून 'यश' असं लिहिता आलं नाही, आणि म्हणूनच तो निकाल विश्वासार्ह वाटतो. सहा वर्षांनी, त्यांतल्या १२१ मुलांच्या पाठपुराव्यात लक्षणांतही फरक दिसला. तीन महिन्यांचं अनुदान असलेल्यांनी याचं वाईट वाटून घ्यायला हरकत नाही.

अपाय नोंदवा. लहान वयातल्या उपचारांच्या दीडशे अहवालांचा आढावा २०२१ मध्ये आला, त्यातल्या फक्त ११ अहवालांत अपायाचा उल्लेख होता. औषध नाही म्हणजे अपाय नाही, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. झोप उडणं, नखं खाणं सुरू होणं, त्या इमारतीच्या रस्त्याला लागताच रडणं, हे सगळं अपायाच्या रकान्यात जातं.

गळालेल्यांचा हिशेब

माझ्या मते अहवालातला सर्वांत प्रामाणिक तक्ता हाच. किती मुलांच्या पालकांनी होकार दिला, किती आली, किती खोलीत शिरली, किती बसली, किती जणांचा डेटा वापरला. प्रत्येक गळतीपुढे कारण लिहा, आणि 'सहकार्य नाही' हे कारण बाद करा. त्याऐवजी: यंत्र बिघडलं, स्पर्श नको होता, झोपेची वेळ झाली, सूचना कळली नाही, आम्ही उशीर केला, मुलाने 'नको' म्हटलं. शेवटचं कारण वेगळं ठेवा, तो नकार होता. कोणाला वगळायचं याचे नियम डेटा बघण्याआधी लिहून तारीख घाला. मग टिकलेली आणि गळालेली मुलं वय, भाषा, विकासगुणांक यांत किती वेगळी आहेत ते दाखवा. गळालेली मुलं कमी बोलणारी असतील, आणि ती जवळजवळ नेहमी तशीच असतात, तर सरासरीतून त्यांना गाळून काढलेलं चित्र मुळापेक्षा गुळगुळीत असणार.

व्हिडिओ आणि नंतरचं

व्हिडिओ कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, परिषदेत दाखवणार का, या तीन गोष्टींची परवानगी तीन वेगळ्या सह्यांनी घ्या. मूल कोलमडल्याचा तुकडा व्याख्यानात दाखवू नका, पालकांची परवानगी असली तरी. ते मूल पंधरा वर्षांनी त्याच सभागृहात बसलेलं असू शकतं.

तुलनेच्या गटातल्या एखाद्या मुलात काळजीची खूण दिसली तर काय करायचं, हे पहिलं मूल येण्याआधी ठरवा: कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, पुढे कुणाकडे पाठवणार. जिन्यात उभ्याउभ्या सांगण्याची ही गोष्ट नाही.

आणि सत्राच्या दुसऱ्या दिवशी घरी फोन करा. आभार मानून झाले की तीनच प्रश्न: रात्री झोपला का, जेवला का, आज आमच्या पुस्तिकेकडे बघितलं का. एका आईने सांगितलं होतं की, तिच्या मुलीने पुस्तिकेतलं माझ्या फोटोचं पान फाडून सोफ्याखाली टाकलं. मी ते अपायाच्या रकान्यात लिहिलं, पुढची भेट दोन आठवडे लांबवली आणि त्या भेटीत मुलीसोबत दुसऱ्या सहकारी बसल्या. मी यंत्रामागे होते.